बरणीतला कोळी

माझी ताई कोळी चावून मेली, असं तिच्या गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. बरणीत घालून आणलेला तो कोळी मी स्वतः ओळखला होता, आणि बरोबर ओळखला होता. त्या बरोबर असण्याचीच मला आता किळस येते.

मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कोळ्यांचा नाद कधी लागला ते आठवत नाही. भिंतीवरचा मोठा, चपटा, तोंडावर पांढरी मिशीसारखी रेघ असलेला कोळी दिसला की घराघरांत झाडू निघतो. तो बिचारा झुरळं खातो. जमिनीवरून पळणारा, पाठीवर पिल्लांचा घोळका वागवणारा करडा कोळीही गरीबच. पिकातला हिरवा, पायांवर काटे असलेला, तो तर अळ्यांचा वैरी. हे मी वर्गात सांगायचो. मग पोरांचे बाप फोटो पाठवायला लागले. डोणगाव, जानेफळ, पार मोताळ्याहूनसुद्धा मोबाइलवर कोळी यायचे. मी पट्टे पाहायचो, ठिपके पाहायचो आणि निकाल द्यायचो: काही होत नाही. आपल्याकडे माणसाला जड जाणारे कोळी बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे निकाल चुकायची भीती नव्हती. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही खुशाल चढून बसलो.

आमच्याकडे काही चावलं की ते मारून किंवा धरून जाणत्याकडे न्यायची पद्धत आहे. सापाच्या बाबतीत ती किती बरोबर ते राहू द्या, पण कोळ्यांसाठी ती मीच रूढ केली. 'नुसतं वर्णन सांगू नका, कोळी दाखवा,' असं मी लोकांना रागावून सांगायचो.

सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं त्या दिवसांत एका रविवारी भाऊजी ताईला मागे बसवून गाडीवर आले. ताई माझ्याहून मोठी. भाऊजींच्या हातात लोणच्याची जुनी बरणी होती.

"सर, हा पाहा बरं कोनता हाय. वावराच्या धुऱ्यावरचं गवत कापताना तुमच्या ताईले चावला."

घरातले लोकही मला सर म्हणायचे आणि मला ते आवडायचं. बरणीत एक देखणा कोळी होता. पाठीवर पिवळे आणि चंदेरी आडवे पट्टे, आणि पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखे पसरलेले. मी विचारलं, याच्या जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी होती का? भाऊजी म्हणाले, "हाव, होती ना." मला कोण आनंद झाला. ती नक्षी म्हणजे त्याची सही, हा सही करणारा कोळी, मी म्हणालो, आणि दहा मिनिटं त्या नक्षीबद्दल बोललो.

"पण चावताना तू पाहिलास का हा?" हे ताईला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तिने काहीच पाहिलं नव्हतं. अंगावर डाग दिसल्यावर भाऊजी धुऱ्यावर गेले आणि जो सगळ्यांत भडक दिसला तो धरून आणला, हे मला फार उशिरा कळलं.

"कुठे चावला?" एवढं मात्र विचारलं.

"कमरेले," ताई म्हणाली आणि पदर ओढून घेतला. "काही नाही रे, एवढुसाच काया डाग हाय. दुखत बी नाही. अंग मोडून राह्यलं नुसतं."

परकराच्या नाडीखालची जागा. बहिणीने तिथली दाखवायची नाही आणि भावाने दाखव म्हणायचं नाही. बायकोला हाक मारून आत पाहायला सांगता आलं असतं, ती स्वयंपाकघरातच होती. पण मला गरज वाटली नाही. मी पुन्हा बरणीत पाहिलं आणि म्हणालो, काही होत नाही.

चार दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "ताप उतरून नाही राह्यला हो." मी म्हणालो, तापाचा आणि कोळ्याचा काही संबंध नाही. हेही बरोबरच होतं. गावातल्या दवाखान्यात तिने हात पुढे केला, जीभ दाखवली, कंबर दाखवली नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊजींनी सांगितलं, कोळी चावला होता पण तो बिनविषारी निघाला. तापाच्या गोळ्या मिळाल्या. त्यात आणखी चार दिवस गेले.

बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते आणि धाप लागत होती. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पडदा ओढला, साडी सैल केली आणि मिनिटभरात बाहेर आल्या. विडीचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग होता. गवतातला एक किडा, डोळ्यांना धड दिसतही नाही इतका बारीक. त्याच्या चाव्यातून येणारा ताप, स्क्रब टायफस. तो किडाही कोळ्यांच्याच गोतातला, हे मला ठाऊक होतं. नादच तो होता माझा. वेळेवर डाग पाहिला असता तर साध्या गोळ्यांनी उतरतो, असं त्या म्हणाल्या. आता मूत्रपिंडं आणि फुप्फुसं गेली होती.

"इतके दिवस हा डाग कुणालाच दाखवला नाही का?" बाईंनी ताईला विचारलं. त्या रागावल्या होत्या.

ताईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. मी पलंगापाशीच उभा होतो.

"दाखवला ना, बाई," ती म्हणाली. "माह्या भावाले दाखवला. तो मास्तर हाय. त्याले समजते सारं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिला होता?"

ताई माझ्याकडेच पाहत होती. मी हो म्हणालो.