सारख्या कुंपणाचे दोन वाटे

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा. सख्ख्या भावाने तोंड फिरवलंय, त्यापुढे तुमच्या हसण्याचं काय मोठंसं?

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो आणि शाळेत शिकवतो. काय? तर गणित! दोंडाईच्याजवळ आमच्या गावी वडिलांच्या दोन मोकळ्या जागा. एक चौरस, साठ बाय साठ फूट. दुसरी लांबोडकी, नव्वद बाय तीस. आम्ही दोघं भाऊ. आमच्याकडे रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आपला आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करायची सोयच नाही.

शेळ्या शिरतात म्हणून दोन्ही जागांना तारेचं कुंपण घालायचं होतं. त्यासाठी मी टेप लावून घेर मोजला. इकडे दोनशे चाळीस फूट, तिकडेही दोनशे चाळीस. झालं! चार माणसांदेखत घसा खाकरून मी जाहीर केलं, की दोन्ही वाटे सारखे, इंचाचा फरक नाही. मास्तरच्या शब्दावर कोण शंका घेणार? धाकट्या सुदामने रस्त्याकडेची लांबोडकी जागा उचलली. चौरस जागा आपोआप माझ्याकडे आली.

पुढे सुदामने घर बांधायला काढलं. नकाशा काढणाऱ्या इंजिनियरने सहज सांगितलं, की तुमची जागा सत्तावीसशे चौरस फूट आणि भावाची छत्तीसशे. तार सारखी लागली म्हणजे आतली जागाही सारखी, असं पाचवीतलं पोर म्हणणार नाही. मी म्हणालो होतो!

सुदाम भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने बोलणंच टाकलं. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण साऱ्या भाऊबंदांना गेलं, आम्हाला नाही. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय हो. फार लागलं मनाला.

शेवटी बायकोला घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, चूक झाली, जागा बदलून घे. तर त्याला त्यातही काळंबेरं दिसलं.

"आते काय डाव शे तुना?" म्हणाला.

आता मी लबाड तरी ठरणार होतो, नाहीतर ढ तरी. मी ढ व्हायचं ठरवलं. बायको मदतीला एका पायावर तयार. यांना खरंच कळलं नाही हो भाऊजी, म्हणत तिने माझ्या लग्नापासूनच्या फजित्या मांडल्या. दारातून आत न गेलेला दिवाण, खिडकीला अर्धेच पुरलेले पडदे, सगळं. तिच्या जाऊबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सुदामही विरघळला. आत चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं, जिंकलं!

मग त्याने हसत हसत विचारलं, "भाऊ, मंग शाळामा पोरेसले बी असंच चुकीनं शिकाडस का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं खडू झिजवलेला माणूस मी, छाती फुगली ना!

"छे! क्षेत्रफळ आणि परिमिती? माझ्या वर्गातलं एकही पोर त्यात चुकत नाही."

सुदामचं हसू तिथेच थांबलं. त्याने आत वळून चहा अर्ध्यातच उतरवायला सांगितला.

परतीच्या एसटीत बायकोने कंडक्टरकडून सुटे पैसे मोजून घेतले. मग म्हणाली, "ढ असूनसुद्धा तुम्हाला ढ होता आलं नाही."