कूल्हा म्हणजे खुबा

हे सांगायला मला अजून लाज वाटते, म्हणून एका दमात सांगते, मधे थांबले तर राहूनच जाईल.

दाभोशाच्या रस्त्याला एक रिसॉर्ट हाय, तिथं मी लॉनमधलं गवत काढायला जाते. म्हणजे रानटी गवत तेवढं उपटायचं आणि त्यांचं ठेवायचं. तेव्हा बाळ पाच महिन्यांचं, आंब्याखाली झोळीत. माझी मोठी नणंद तिथंच मोरीवर भांडी घासते, तिनंच मला कामाला लावलेलं. मी सातवी शिकलेली, कोण मोठ्यानं बोललं तरी धाप लागते. ती कुणाच्या बापाला घाबरत नाय.

उन्हाळ्यात मुंबईची एक मॅडम गोल्फ शिकायला आली. काठीनं बारका पांढरा चेंडू लांब मारायचा, तो खेळ. शिकवणारे सर हिंदी बोलायचे. मॅडम वाकली की पाठीला पोक यायचं, चेंडू तिथंच राहायचा आणि माती उडायची. दोन दिवस सर तेच तेच सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी उभ्यानं वाकून गवत काढत होते, आणि सर माझ्याकडं हात करून बोलले, "मॅडम, इसको देखिए. इसके कूल्हे देखिए."

आमच्यात कुल्ले म्हणजे माणूस ज्यावर बसतो ते. परका पुरुष माझे कुल्ले दाखवतो आणि ती बाई पण मान वाकडी करून बघते, "हां, हां" म्हणते! मी पदर मागं ओढला, बाळ झोळीतून काढलं आणि पळत मोरीवर गेले. धापेत अर्धंच बोलता आलं, सर माझं घाण बघतो म्हणून. नणंदेला तेवढं पुरलं.

साबणाच्या हातानं तशीच निघाली. लॉनवर चपला घालून जायचं नसतं, ही गेली. मी बाळाला घेऊन मागं, झाडाआड.

"ओ सर! माझ्या भावजयीचे कुल्ले बघायचा पगार मिळतो का तुला?"

"क्या हुआ, मौसी?"

"मावशी असेल तुझ्या घरी!"

मॅडमला मराठी येत होतं. आधी ती हसली, मग तोंडावर हात धरला. "अहो बाई, हिंदीत कूल्हा म्हणजे खुबा. ही खुब्यातून वाकते, म्हणून पाठ फळीसारखी राहते. मी कमरेतच मोडते. सर म्हणत होते, हिच्यासारखं उभं राहा." काठी धरून तिनं वाकून पण दाखवलं. माळी हसला, वेटर पोरं हसली. सर तेवढे हसले नाय, त्यांचे कान लाल झालेले.

नणंद माझ्याकडं वळली. "तूच बोललीस ना गो, सर घाण बघतो म्हणून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काम जातंय आता, एवढंच माझ्या डोक्यात. मी बोलले, "मी कुठं असं बोलले, बाय? तूच तसं समजलीस."

तिनं लुगड्याला हात पुसले आणि मोरीवर गेली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला बघितलं की म्हणायची, "मौसी, कूल्हे संभालो!" ती खाली मान घालून पातेली घासायची. मला मात्र मॅडमनं जायच्या आधी दोनदा वाकून दाखवायला लावलं, शाबास म्हणाली. मोरी तिथून लांब नाय, नणंदेनं ऐकलं असणार.

आषाढात आमची भाताची आवणी लागली. दोघी एका ओळीत रोप लावत होतो. आधी कधी पाठीकडं लक्ष नसायचं, आता वाकले की बघते, खुब्यातून वाकलेय का. बाजूला तिची पाठ माझ्याहून सरळ. लग्न होऊन सूर्यमाळवरून आले तेव्हा चिखलात दिवसभर कसं वाकायचं ते तिनंच शिकवलेलं. "कंबर मोडू नको, म्हातारपणी लागंल तुला," म्हणायची. तिचीच शाबासकी मी खाल्ली.

खाली बघूनच बोलले, "बाय, तेव्हा मीच बोलले होते. तू खोटी नव्हतीस."

"मला काय ठाव नाय?" तिनं रोप चिखलात टोचलं. "इथं बेडकांना कशाला सांगतंस? तिथं त्या पोरांसमोर सांग."

मी हो म्हणाले.

रिसॉर्टवर परत लागून महिना झाला. पोरं अजून तिला तेच म्हणतात, मला लॉनवर ऐकू येतं. मी वाकलेली असते, पाठ सरळ, गवत उपटत.