फोकस कोणी हलवला?

आधीच सांगते, या सदरातल्या गूढ अनुभवांच्या गोष्टी वाचून हसणाऱ्यांतली मी. आमच्या सुलतानपुरात कोणाच्या अंगात आलं की मी तिची नाडी बघायला पुढे व्हायचे. आई म्हणायची, बायोलॉजी काय घेतली, पोरीला कशाची भीतीच राहिली नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण झालं ते झालं.

मी मेहकरला एका छोट्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. झूलॉजीच्या लॅबमध्ये मुलं जास्त आणि धड चालणारे मायक्रोस्कोप कमी, म्हणून रोल नंबरप्रमाणे जोड्या लावलेल्या. माझ्या आधीचा नंबर डोणगावच्या पल्लवीचा. माझा चष्मा जाड. तो घालून बघायला गेलं की काच मायक्रोस्कोपवर आपटायची. म्हणून मी चष्मा काढून ठेवायचे, आणि मग सगळ्यांना स्पष्ट दिसणारं मला धुरकट दिसायचं. पल्लवीचं स्वतःचं बघून झालं की ती फोकसचा बारीक स्क्रू किंचित फिरवायची आणि बाजूला सरकायची. मी डोळा लावला की पेशी न् पेशी स्वच्छ! तुला कसं गं कळतं, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "भाजीत मीठ काय मोजून टाकते का कोणी? तुह्या डोळ्याचा अंदाज आला मले."

शेवटच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरून झाला आणि तिच्या बाबांना लकवा मारला. वाचाही गेली. आई नव्हतीच. ती बाबांना घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात राहिली, परीक्षा हुकली. यादीत नंबर तेवढा राहिला.

प्रॅक्टिकल दुपारी होतं. त्या दिवशी बसमध्ये चढताना माझा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी चपलेखाली गेला. आता स्पॉटिंग कसं असतं ते सांगते. टेबलांवर ओळीने बरण्या आणि मायक्रोस्कोप मांडलेले असतात. बेल वाजली की रोल नंबरप्रमाणे एकेकाने पुढच्या टेबलावर सरकायचं, बघायचं, ओळखायचं, लिहायचं. हात कशालाच लावायचा नाही. आमच्या सरांनी बाहेरून आलेल्या परीक्षकांना माझ्या चष्म्याचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, नियम सगळ्यांना एकच. नापास झाले असते तर पुढचं शिक्षण बंद. घरात एक स्थळ तयारच होतं.

पल्लवीची जागा सरांनी ओळीत तशीच मोकळी ठेवली होती. म्हणजे माझ्यापुढे एक रिकामी जागा सरकत होती. बरण्या मी जवळून बघून ओळखल्या. पहिला मायक्रोस्कोप आला. देवाचं नाव घेऊन डोळा लावला... आणि यकृताचा छेद अगदी स्वच्छ. मला खरंच वाटेना.

पुढची बेल झाली आणि माझ्या मागचा गजानन त्याच टेबलावर आला. म्हणाला, सर, काहीच दिसत नाही. परीक्षकांनी बघितलं — धुरकट. फोकस कोणी हलवला, म्हणून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तो नीट केला. पुढच्या मायक्रोस्कोपला ते स्वतः माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. रिकाम्या जागेच्या पुढे असलेल्या मुलाला तिथे नीट दिसलं होतं. मला चष्म्याशिवाय नीट दिसलं. गजाननला पुन्हा धुरकट!

शेवटपर्यंत हेच. मायक्रोस्कोप जुने, स्क्रू ढिले झालेत, असं म्हणून परीक्षकांनी विषय संपवला. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि रडले. पास होण्याचा आनंद होताच, पण पल्लवीची इतकी आठवण कधीच आली नव्हती.

संध्याकाळी बाबांची तब्येत विचारायला तिला फोन केला. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आज बाबा बोलले वं! दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या माहा डोळा लागला. झोपेत म्हणे माही बोटं फिरून राह्यली होती. तर मले उठवून म्हणतात, काय वं, रेडिओ लावून राह्यली का?"

लकव्यानंतर ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

मग मी तिला चष्म्यापासून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पण दिसलं ना तुले?"

ढिले स्क्रू मी समजू शकते. पण ते सगळे नेमके माझ्याच चष्म्याच्या नंबरावर येऊन कसे थांबले, याचं उत्तर आज स्वतः मुलांना मायक्रोस्कोप शिकवतानाही मला सापडलेलं नाही.

पुढच्या वर्षी पल्लवी परीक्षेला बसली. तिच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मी घरी ज्वारी निवडता निवडता दुपारभर बोटं फिरवत होते. आईने विचारलंसुद्धा, हाताला काय झालं म्हणून. संध्याकाळी पल्लवीला फोन लावला, काही जाणवलं का गं?

"फोकस-बिकस काही नाही हलला वं," ती म्हणाली. "पण पेपर देईपर्यंत मले वाटून राह्यलं, तू माह्या मांगंच उभी हायेस."