आतल्या काचेची परवानगी

एनिड लार्कमला गोंगाटाचं वावडं कधीच नव्हतं. तिचा सगळा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. मागे पोरांचा कल्ला, खाली इंजिनाची घरघर, आणि सॉमरसेटच्या त्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की पोरांनी एका सुरात मारलेली बोंब. घरी यावं तर तिथे क्लेमंट. क्लेमंट स्टोकबरीच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज असा, की तो बाजारात कालवडीचा भाव बोलला तर पलीकडच्या बेकरीतली बाई मान वर करून बघायची. घरातही त्याला हळू बोलणं जमायचं नाही. चहा मागायचा तोसुद्धा बोली लावल्यासारखा. त्यामुळे पुढे जेव्हा गावातले काही लोक म्हणाले, "एनिडचे कान वयानं नाजूक झालेत," तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांचं घर फ्रायर स्ट्रीटवर. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची घरांची ओळ, प्रत्येकाला लाकडी चौकटीच्या, वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्या. क्लेमंटच्या बापानं ते घर घेतलं तेव्हा असली जुनी घरं कुणाला नको होती. नंतर शहाण्या माणसांना त्यांचं सौंदर्य दिसलं आणि सगळी गल्ली वारसा म्हणून संरक्षित झाली. दाराचा रंग बदलायचा तरी लोक आधी कौन्सिलमध्ये चौकशी करू लागले.

मग गावाबाहेरच्या रस्त्यावरचा पूल कमकुवत निघाला आणि दगडखाणीचे ट्रक फ्रायर स्ट्रीटमधून सोडले गेले. तात्पुरते, असं कौन्सिलनं सांगितलं. ते तात्पुरतं काही संपेना. सकाळी अंधारात सुरू व्हायचे ते संध्याकाळपर्यंत, भरलेले खाली आणि रिकामे वर. रिकामे जास्त वाईट, कारण त्यांचे पत्रे आदळायचे. कपाटातल्या बशा किणकिणायच्या, छताला तडे गेले. वारशाच्या गल्लीतून वीस-वीस टनांचे ट्रक न्यायला कुणाची परवानगी लागली होती, हे एनिडला कधीच कळलं नाही.

तरीही तिनं तक्रार केली नव्हती. तक्रार सुरू झाली ती क्लेमंटला कंपवात झाल्यावर.

आधी हात थरथरायला लागले. मग पाय अडखळायला लागले आणि मग आवाज बसायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात असं होतं, माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, पण बाहेर येते ती कुजबुज. जिना चढणं बंद झालं तेव्हा पलंग खाली आणावा लागला, आणि खाली पलंग मावेल अशी खोली एकच होती, रस्त्यावरची.

त्या खोलीत एका मे महिन्याच्या सकाळी क्लेमंट तिला काहीतरी सांगत होता. ती टोस्टला मार्मलेड लावून त्याला भरवत होती. त्याच्या डोळ्यांत ती जुनी मिस्कील चमक होती, म्हणजे गंमत सांगत असणार. तेवढ्यात ट्रक गेला.

"काय म्हणालास?" तिनं विचारलं.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्ध्यावर दुसरा ट्रक.

"पुन्हा सांग रे. ऐकू नाही आलं."

त्यानं श्वास घेतला, ओठ हलले आणि तिसरा ट्रक आला. क्लेमंटनं थरथरता हात उचलून हलवला. रस्ता शांत झाल्यावर त्याची कुजबुज तिला ऐकू आली. "जाऊ दे."

आयुष्यात या माणसानं एक वाक्य कधी अर्धं सोडलं नव्हतं. एनिड स्वयंपाकघरात गेली आणि सिंकपाशी उभं राहून तिनं त्या ट्रकवाल्यांना, खाणीला आणि कौन्सिलला बसमधल्या पोरांसमोर कधी न वापरलेल्या शिव्या दिल्या.

त्याआधीच तिनं आवाज अडवणाऱ्या, जोडकाचेच्या नव्या खिडक्यांसाठी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. गल्लीचा चेहरा बिघडेल म्हणे. आणि हे समजावून सांगायला कौन्सिलर रूपर्ट डॅन्सी स्वतः आले. हे गृहस्थ बांधकाम समितीचे अध्यक्ष आणि शिवाय गावाच्या वारसा मंडळाचेही. फूटपाथवर उभे राहून ते खिडकीकडे मान तिरकी करून बघत राहिले.

"या काचेतली लहर बघा, मिसेस लार्कम. हातानं बनवलेली काच. अशी आता मिळत नाही."

"काचेच्या आत कोण झोपलंय तेही बघा," एनिड म्हणाली.

"मला पूर्ण सहानुभूती आहे. पण आपण सगळे या घरांचे फक्त राखणदार आहोत."

"तुम्ही कुठल्या घराचे राखणदार, मिस्टर डॅन्सी?"

डॅन्सी हसले. ते गोल्फच्या मैदानाशेजारी नव्या बंगल्यात राहायचे, जोडकाचेच्या खिडक्यांमागे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

तोडगा सुचवला तो इद्रिस प्रॉथरो या काचवाल्यानं. वेल्सहून येऊन गावात रुळलेला, तोंडाळ माणूस. त्यानं खिडकीच्या खाचेत हात घालून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, बाहेरच्या खिडकीला हात लावायचाच कशाला? ती राहू दे तिच्या नखऱ्यात. आतून, वीतभर अंतर सोडून, जाड काचेची दुसरी चौकट बसवू. फटी बुजवू. रस्त्यावरून कुणाला कळणारही नाही. हवी तेव्हा काढून ठेवता येते."

"आवाज थांबेल?"

"भूकंप थांबणार नाही. पण म्हातारबुवा काय बोलतायत ते ऐकू येईल. बायकोला नवऱ्याचं ऐकू आलंच पाहिजे का, तो तुमचा प्रश्न."

पलंगावरून क्लेमंट हसल्यासारखा खोकला.

"फक्त एक," इद्रिस म्हणाला. "मला वाटतं याला परवानगी लागत नाही. पण मागे एका घरात बसवलेली काच कौन्सिलनं काढायला लावली होती. ते घर खास यादीतलं होतं, तिथे आतलंही काही बदलता येत नाही. तुमचं तसं नाही. तरी विचारून घ्या बाई. एकदा बसवून पुन्हा उखडायला माझं मन होत नाही."

एनिड त्याच दिवशी कौन्सिलच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या गृहस्थानं तिचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही.

"घर संरक्षित भागात आहे?"

"हो. पण काच आतून बसवायची आहे. बाहेरून काहीच..."

"खिडकीचं काम आहे ना? मग अर्ज करावा लागेल."

तिनं अर्ज केला. नकाशा जोडा म्हणाले, तिनं जोडला. फोटो आतून हवेत म्हणाले, शेजारच्या पोरीकडून ते काढून घेतले. मग जून आला आणि तिकडचा उन्हाळा लागला. ती फोन करायची आणि कुणीतरी गोड आवाजात सांगायचं की अर्ज विचाराधीन आहे. उकाड्यात खिडकी उघडली तर धूळ आणि दणदणाट, बंद ठेवली तर कोंडमारा. क्लेमंट त्या उन्हाळ्यात पुष्कळ बोलत होता. बाजारातल्या जुन्या गमती, बापाच्या आठवणी, दोघांच्या तरुणपणातलं काहीबाही. ती कान त्याच्या तोंडाशी नेऊन बसायची आणि निम्मं ट्रकबरोबर वाहून जायचं. त्याचा आवाज आठवड्यागणिक आणखी बारीक होत गेला. कौन्सिल विचार करत राहिली.

पानं झडून गेल्यावर एकदाची पाहणीला बाई आली. फिलिपा थ्वेट, जुन्या इमारतींची नवी अधिकारी, नोकरीला लागून थोडेच दिवस झालेली. तिनं खिडकी पाहिली, इद्रिसनं काढलेलं चित्र पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही अर्ज का केलात?"

एनिडला आधी प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे?"

"हे घर यादीत नाही. भाग संरक्षित आहे तो बाहेरून. आत तुम्ही काच लावा, पडदे लावा, त्याला आमची परवानगी लागत नाही. कधीच लागत नव्हती."

ट्रक गेला. तो जाईपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

"तुमच्या माणसानं मला सांगितलं की लागते," एनिड म्हणाली.

"त्यानं चुकीचं सांगितलं."

"आणि तो अर्ज इतके महिने कुणी उघडून वाचला नाही?"

फिलिपा थ्वेटचा चेहरा उतरला. "नसावा वाचला. मला फार वाईट वाटतं, मिसेस लार्कम."

"तू पोर आहेस, तुझ्यावर मी ओरडणार नाही," एनिड म्हणाली. "पण ज्याच्यावर ओरडायचं त्याचं नाव मला सांगून जा."

फिलिपानं नाव सांगितलं नाही. मात्र कौन्सिलची जाहीर बैठक कधी आहे आणि तिथल्या कामकाजात नागरिकांना कितव्या क्रमांकावर बोलता येतं, ते नीट सांगितलं.

इद्रिसनं दुसऱ्याच आठवड्यात काच बसवली. शेवटचा खटका बसला आणि खोली एकदम जवळ आल्यासारखी झाली. घड्याळ ऐकू आलं. बाहेरून ट्रक गेला तो दूरच्या कुणाच्या तरी गल्लीतून गेल्यासारखा.

"काय म्हातारबुवा," इद्रिस अवजारं भरत म्हणाला, "काढा बोली."

क्लेमंटला जमवायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "महाग... पडली," आणि दोघांना ते स्वच्छ ऐकू आलं. इद्रिस हसत हसत गेला. एनिड पलंगाशी बसली आणि तिनं त्याला मे महिन्यातली ती गंमत विचारली, टोस्ट खाताना सांगत होता ती. त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. त्याला आठवली नाही. आता शांतता होती, पण एका दमात दोन-तीन शब्दांपलीकडे तो जाऊ शकत नव्हता. लांब गोष्टी सांगायचे त्याचे दिवस उन्हाळ्याबरोबर संपले होते.

जाहीर बैठकीला ती कोट घालून, केस विंचरून गेली. डॅन्सी अध्यक्षांच्या खुर्चीत होते. तिचं बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "काही गैरसमज झालेला दिसतो. त्यातून आम्ही नक्कीच शिकू."

"गैरसमज दोघांचा होतो, मिस्टर डॅन्सी," एनिड उभीच राहिली. "माझा काहीच गैरसमज नव्हता. मी विचारलं, तुमच्या माणसानं चुकीचं सांगितलं. माझा नवरा या गावात चाळीस वर्षं बोलला. तुमचे वडील त्याच्या आवाजावर गुरं विकत घ्यायचे. उन्हाळ्यात तो शेवटचं बोलत होता आणि मला ते ऐकता आलं नाही. ट्रक तुम्ही आणलेत. काच तुम्ही अडवलीत. कागदावरची घरं वाचवलीत, आत माणसं राहतात हे विसरलात. शिकू काय म्हणता? तो काय पुन्हा पहिल्यापासून सांगणार आहे?"

"मिसेस लार्कम, वेळ संपलीय."

"त्याचीही संपत आलीय," ती म्हणाली आणि खाली बसली.

मागच्या बाकांवर फ्रायर स्ट्रीटची माणसं होती. सहसा कुणी कुणाच्या भानगडीत न पडणारी. त्यांतला एक जण उठला आणि म्हणाला की आपल्यालाही कचेरीच्या खिडकीपाशी हेच उत्तर मिळालं होतं, म्हणून आपण नाद सोडला. मग आणखी एक बाई उठली. डॅन्सींनी बैठक आवरती घेतली.

क्लेमंट वसंतात गेला, त्याच खोलीत. शेवटच्या दिवसांत तो एनिडला फक्त नावानं हाक मारायचा आणि ती कुठेही असली तरी तिला ती ऐकू यायची. तेवढं तिला मिळालं, आणि तेवढंच मिळालं, हे कुणालाही सांगताना ती दोन्ही गोष्टी सांगते.

त्यानंतर ती गल्लीत घरोघर फिरली. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "आतून काच लावायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, हे सांगायला आलेय." इद्रिसला तिनं इतकं काम मिळवून दिलं की तो तिला शेठाणी म्हणायला लागला.

कौन्सिलनं कचेरीत एक पाटी लावली, तीच गोष्ट जरा सभ्य शब्दांत. पाटीसोबत डॅन्सींचा फोटो गावच्या वर्तमानपत्रात यायचा होता. त्यात एनिडनंही असावं म्हणून फिलिपाला तिच्याकडे पाठवलं.

एनिडनं तिला चहा दिला, केक दिला.

"मी त्या फोटोत उभी राहिले तर लोकांना वाटेल मी माफ केलं," ती म्हणाली. "मी केलेलं नाही. तसं जाऊन सांग त्याला."

फोटो तिच्याविना छापून आला. ट्रक अजून फ्रायर स्ट्रीटवरूनच जातात.