हिरुतची मिळमिळीत आमटी

साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत भामाबाईंची खानावळ आहे. त्यांचे मालक केरूराव फौजेत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर भामाबाई सागर, जबलपूर, तेजपूर अशा फिरल्या. शेजारीण कधी तमिळ, कधी आसामी. भाषा एकीचीही येत नव्हती, पण कुणाचं पोर आजारी आहे, कुणाच्या घरात भांडण झालंय, हे त्यांना बाईच्या दारात उभं राहण्यावरूनच कळायचं. "माणसाचं तोंड बघितलं की मला समदं कळतंय," असं त्या ठणकावून सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघे.

दोन वर्षांमागं त्यांच्याकडं जेवणाऱ्या राजेश्वरीनं फार्मसी कॉलेजातली मैत्रीण आणली. हिरुत नाव, इथिओपियाहून शिकायला आलेली. भामाबाईंनी कांदा-लसूण मसाल्याची आमटी वाढली आणि पहिल्या घासालाच विचारलं, "गुड हाय का?"

हिरुतनं तोंड उघडून झटकन श्वास आत ओढला. "हाऽ!"

"आगं बया, पोरीला झोंबलं!" भामाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मावशी, इंग्लिशमधनं विचारू का तिला?" राजेश्वरी म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? दिसतंय की."

दुसऱ्या दिवसापासून हिरुतची आमटी वेगळी शिजू लागली. आधी मसाला निम्मा. तरी विचारलं की ती श्वास ओढायचीच. मग मसाला बंद, मिरची बंद, शेवटी नुसतं हळद-मिठाचं वरण. पोरगी निमूट खायची, पण ताटात भाकरी उरू लागली. आपल्या खानावळीत कुणी अर्धपोटी उठावं, हे भामाबाईंना सोसेना.

एका रविवारी हिरुत ओट्यावर बसून फोनवर आईशी बोलत होती. आईचा चेहरा पडद्यावर दिसत होता. शेजारी भामाबाई मेथी निवडत होत्या. आई काहीतरी विचारायची, हिरुत हसत श्वास आत ओढायची, "हाऽ." हिरुतनं काही विचारलं की आईसुद्धा तसंच करायची. समोर ना ताट, ना आमटी.

भामाबाईंचा हात थांबला. "आवं, ऐकलं का," त्यांनी केरूरावांना हाक मारली. "हिला तिखट लागत न्हाई. ही 'व्हय' म्हणतीया!"

फोन संपताच त्यांनी तिखटाचा डबा दाखवून भुवया उंचावल्या. हिरुतचा श्वास एवढा जोरात आत गेला की केरूराव दचकले.

त्या दुपारी हिरुत झणझणीत रस्सा भुरकून भुरकून जेवली. मग तिनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून भामाबाईंच्या तोंडासमोर धरला. जेवणारी पोरं बघतच राहिली. भामाबाई मागं सरल्या. लेकराला आई घास भरवते, लग्नात नवरा-नवरी एकमेकांना भरवतात. हे काय आता? पण पोरीचा हात खाली जाईना. या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, "राजेश्वरी, इचार बाई तिला."

राजेश्वरीनं विचारून सांगितलं, "मावशी, त्यांच्याकडं आपल्या माणसाला असा घास देतात. मानाचा असतो."

भामाबाईंनी आ केला. घास गिळून त्यांनी त्याहून मोठा घास केला आणि हिरुतच्या तोंडात कोंबला. दोघींच्या हनुवटीवर रस्सा ओघळला.

आता रविवारी हिरुत स्वयंपाकघरातच असते. भाकऱ्या थापायला शिकतेय. कडा फाटतात. त्या फाटक्या भाकऱ्या केरूराव बिनतक्रार खातात.