वाघजाईच्या राईतले चौदा आकडे

पोतदार गुरुजींनी रोज संध्याकाळी आपल्या पडवीत बसवून शिकवले नसते, तर मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नसतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून चिंचवडजवळच्या एका कारखान्यात लागलो, ती त्यांची कृपा.

नोकरी अजून कायम व्हायची होती. यंत्रांच्या खोक्यांसाठी लाकूड हवे होते. ठेकेदाराने खेडच्या पश्चिमेकडची वाघजाईची राई (देवीच्या नावाने राखलेले जंगल) सुचवली. तोडायच्या झाडांवर चुन्याने आकडे घालून ये, असे साहेबांनी मला सांगितले.

खेडहून निघालेल्या एस.टी.ने पायथ्याशी सोडले. सगळे डोंगर बोडके, आणि मध्येच एक काळपट हिरवा ठिपका. राईत दिवा लावणारे म्हातारे कोंडिबा यांनी पिठलं-भाकरी वाढली. मी फक्त जंगल बघायला आलोय म्हणालो. त्यांनी विश्वासाने हकिकत सांगितली. रेल्वेसाठी आणि कोळशासाठी आसपासचे रान गेले. कुऱ्हाडवाले राईच्या कडेला पोचले, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने कुऱ्हाड खाली ठेवली. का, ते कोंडिबांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हते.

वहाणा कडेला काढून मी एकटाच आत शिरलो. भर दुपारी आत तिन्हीसांज होती. गारंबीचे मांडीएवढे वेल झाडांना विळखे घालून होते. हिरडा, जांभूळ, आंबा करत मी चुन्याने चौदा आकडे घातले. एवढ्यात वर वानरे खेकसली आणि एकदम गप्प झाली. मग जवळच काहीतरी जड पाचोळ्यावरून चालले. मी चुन्याचा डबा टाकून पळालो.

कोंडिबांनी माझ्या हातावरचा चुना पाहिला.

“आकडा पडला म्हंजी झाड इकलं. उद्या कुनी बी कुऱ्हाड घिऊन यील.”

मला लाज वाटली. चला, दोघे मिळून पुसू, असे मी विनवले.

“न्हाई. ज्यानं घातला त्यानंच पुसायचा. माजा हात लागला तर मी बी सौद्यात आलो.”

आत बिबट्या आहे का, हे मी दोनदा विचारले.

“हाय की. पर शिकल्याल्या मानसाला खात न्हाई. कागदाचा वास येतो म्हनं.”

ते हसले. मला हसू आले नाही. न पुसताच निघून गेलो असतो, तर अडवायला कोणी नव्हते. ओला रुमाल घेऊन मी परत आत गेलो. एकेक आकडा पुसताना पाठीला डोळे फुटल्यासारखे वाटत होते. तेरा पुसले, नववा सापडेना. तीन वेळा त्याच वेलाखालून गेलो, ओल्या मातीत पंजाचा ठसा पाहिला आणि पाय तिथेच रुतले. अखेर एका आंब्याच्या मागच्या अंगाला तो दिसला. पुसला. बाहेर आलो. कोंडिबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

परतीच्या गाडीत चाकणपर्यंत मनात एकच होते: जंगलातून सुटलो, पण साहेबांच्या टेबलापुढे उभे राहायचे आहे. ते झाल्यावर गुरुजींना लिहिले:

“ती. गुरुजींस सा. न.

झाडांवर आकडे घालून मीच ते पुसले, असे मी साहेबांना लेखी दिले आहे. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि निर्णय टपालाने कळवू, जा म्हणाले. ठेकेदार दुसरा माणूस पाठवील, राई वाचेलच असे नाही. माझेही काही ठरलेले नाही. रोज टपालाची वाट पाहतो. नोकरी गेली तर वडिलांना तुम्हीच सांगा. मी चुकलो असेन, तर तेही त्यांना सांगा. पण आधी मला कळवा.”