दुर्बिणीतल्या दोन गाई

माझ्या लहानपणी आमच्या दारात एकही ढोर नव्हतं आणि गावातली सगळी ढोरं बाबांच्या हवाली होती. बाबा ढोरकी. सकाळी लोक आपापली जनावरं सोडायचे, बाबा ती हाकत गावामागच्या मुरमाड बरडीवर न्यायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. त्याबद्दल ढोरामागे वर्षाची जवारी आणि रोज घरोघरची भाकर. ती भाकर गोळा करायला टोपलं घेऊन मी जायची. वर्गातल्या मुलींच्या दारात टोपलं पुढे करायचं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्याच शेजारी बसायचं. कुणाची भाकर ताजी, कुणाची सकाळची, हे मला अजून पाठ आहे.

त्याहून वाईट म्हणजे एखादं ढोर मागे राहिलं ती संध्याकाळ. मालक अंगणात येऊन उभा राहायचा. "माही गाय कोठी हाय?" एवढंच विचारायचा, पण हलायचा नाही. बाबा हातपाय न धुता परत बरडी चढायचे. गाय कुणाच्या पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत शिरलेली सापडली, तर शेतवाल्याच्या शिव्या वेगळ्या.

मग दुर्बीण आली. पक्षी पाहायला येणारे एक साहेब हिवाळ्यात बाबांना वाटाड्या म्हणून सोबत नेत. शेवटच्या वेळी जाताना त्यांनी आपली जुनी, मुठीत मावेल एवढी दुर्बीण बाबांना देऊन टाकली. बाबा बरडीच्या माथ्यावर उभे राहून मागे राहिलेलं ढोर तिथूनच हेरू लागले. अंगणात उभे राहणारे मालक बंद झाले, नुकसानीपायी जवारी कापली जाणं थांबलं आणि तिच्यातून माझी फी निघू लागली. माझ्या शिक्षणात त्या दुर्बिणीचाही हात आहे, असं मी म्हणते. माय म्हणते, "तुहा बाप दुर्बीण नसती तरी बरडी चढलाच असता." दोन्ही खरं आहे.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., रसायनशास्त्र. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आता आर्णीला शाळेत विज्ञान शिकवते, रोज गावाहून स्कूटीने जाते-येते. नोकरी लागल्यावर पहिली मोठी वस्तू घेतली ती गाय. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्या दारातलं पहिलं ढोर. आणि ती आली त्याच वर्षी बाबांचा खुबा मोडला. गावभरची ढोरं चारणाऱ्या माणसाची स्वतःची गाय दुसऱ्या ढोरक्यामागे बरडीवर जाऊ लागली. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर तिकडे बघत बसत. दिसायचे नुसते ठिपके.

"आपली कोणती हाय त्याच्यात?" ते मला विचारत. मला काय दिसणार? संध्याकाळी गाय परत येईपर्यंत ते जेवायला बसत नसत.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मी ट्रंकेतल्या डबीतून दुर्बीण काढली. ती कधीच आखडून गेली होती. मधली चकती फिरत नव्हती, दोन नळ्या जवळ-दूर होत नव्हत्या आणि आत सगळं पिवळं धुकं. घड्याळजीकडे असतात तसे बारीक पेचकस मी आणले, ओट्यावर पांढरा कपडा पसरला आणि बसले.

चकतीच्या खाचेत नखभर कुंकू निघालं. त्याखाली तपकिरी, चिवट थर. नाकाशी नेला तर जुना, खवट वास. जवस.

"बाबा, हिले तेल कोणतं लावत होते तुमी?"

"जवसाचं. दुसरं कोणतं होतं घरात?"

दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडे कुऱ्हाड, विळा, ढोरांच्या गळ्यातल्या घंट्या धुऊन, तेल लावून, हळद-कुंकू वाहून पुजतात. बाबांनी दुर्बिणीलाही तोच मान दिला होता, वर्षानुवर्षं, हात राखून नाही. जवसाचं तेल हवेत सुकतं आणि त्याचं वार्निश होतं. हे मी मुलांना वर्गात शिकवते. माझ्याच घरात ते दर दसऱ्याला घडत होतं.

"तेलानंच बिघडली ही," मी स्पष्ट सांगितलं.

"मंग काय कोरडी पूजा करा लागत होती?" बाबा म्हणाले.

मी राग दुर्बिणीवर काढला. आधी घासलेट लावून ठेवलं. काही नाही. उन्हात तापवली. चकती किंचित करकरली आणि परत गप्प. मग माझ्याच टेबलावरचं नेलपॉलिश काढायचं औषध कापसाने लावलं. थर सुटला, पण त्याबरोबर काळा रंगही सुटला आणि डोळ्याकडची प्लास्टिकची कड वितळून वाकडी झाली. एक स्क्रू उडून मुगाच्या सुपात पडला. माय मूग निवडत होती, तिने तो काढून दिला.

"नवी काहून नाई घेत वं? मास्तरीण ना तू?"

"मले हेच पायजे."

"तुले पायजे का तुह्या बापाले?"

नवी दुर्बीण मी एका दिवसात आणली असती. पण बाबांनी ती उशाशी ठेवली असती आणि हीच पुसत बसले असते.

शेवटी उघडली. आतले काचेचे लोलक काढले, बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने स्पिरिट लावून पुसले, काच लख्ख झाली, परत बसवले. बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती बरडीकडे रोखली.

"बाई, आपल्याले तं दोन गाई दिसून राह्यल्या."

"दोन?"

"एकीच्या पाठीवर एक."

माय आतून म्हणाली, "मंग दोघीचं दूध काढा."

लोलक एका रेषेत नव्हते. नळ्यांवरच्या रबराखाली बारीक स्क्रू असतात, ते लोलकाला रेटतात. एक फिरवला की गाय वर सरकायची, दुसरा फिरवला की बाजूला. वरची खाली आणली की डावी-उजवी फाटायची. एका स्क्रूची खाच पार घासून गेली. सुटी संपली. मग रविवार सुरू झाले. दुर्बीण विटांमध्ये रुतवून मी मोबाईलच्या टॉवरकडे बघत बसायची आणि मला दोन टॉवर दिसायचे. डोकं दुखायचं. एका रविवारी मी ती खाटेवर आपटली आणि आत जाऊन पडले. बाबांनी उचलून नुसती मांडीवर ठेवली.

चूक माझीच होती आणि ती साधी होती. मी दोन्ही नळ्यांचे स्क्रू फिरवत होते. एक बाजू हलवायची, तिच्यामागे दुसरी, मग पुन्हा पहिली. डावी नळी जशी आहे तशी खरी मानून तिला हातच लावायचा नाही, हे ठरवल्यावर उजवी हळूहळू तिच्याकडे आली. दोन टॉवरांचा एक झाला. स्क्रू परत हलू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब ठेवला. लाल.

बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. चकती फिरवली, थांबले.

"मागच्या उजव्या पायावर भार नाई देऊन राह्यली. काटा रुतला असंन. ढोरक्याले फोन लाव."

मी लावला. खरंच काटा होता.

मग बाबांनी मायकडे तेलाची बाटली मागितली. ती मी काढून घेतली. "कुंकू वाहा, फूल वाहा. पण डबीवर. तेल अजिबात नाई."

"मास्तरीण हाय बाई माही," ते मायला म्हणाले. कौतुक असो की टोमणा, मी बाटली फळीवर ठेवून आले.

रंग उडालेला आहे, एक कड वाकडी आहे. पण दुर्बीण चालते. तिच्यातून एकच गाय दिसते आणि ती आमची आहे.